चकाकीवरचा विश्वास

घासूनपुसून लखलखीत केलेला धातू गार राहतो, असे मी कित्येक वर्षे मानत आलो. हे मला कुणी शिकवले नव्हते. परंड्यात वाढलेल्या पोराच्या कानावर ते आपोआप पडते. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ आधी आमच्या किल्ल्यात होती. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे 55 टनांची ही तोफ 1632 मध्ये परंड्याहून विजापूरला गेली. भर उन्हातही तिचे अंग हाताला गार लागते असे सांगतात, आणि सांगणारा लगेच पुढे म्हणतो, किती गुळगुळीत आहे ती! गुळगुळीत म्हणून गार, ही सांगड माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्की बसली. एवढ्या वजनाचा धातू तापायलाच वेळ लागत असेल, हा साधा विचार विज्ञान शिकूनही मला शिवला नाही.

पुढे गावातच ऑनलाइन अर्ज भरण्याचे आणि टायपिंगचे दुकान टाकले. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी पत्रे तापले की दुकानातला जुना संगणक अर्ज भरता भरता बंद पडायचा. समोर शेतकरी सात-बारा हातात घेऊन बसलेला, आणि मी त्याला सांगतोय, थांबा, मशीन थंड होऊ द्या. प्रोसेसरवरच्या हीटसिंकचा तांब्याचा तळ घासून चकचकीत केला की तो जास्त थंड राहतो, असे ऐकले होते. मला ते लगेच पटले. पटणारच होते.

हीटसिंक काढला, पॉलिश पेपर बोटाखाली धरून तळ घासला. आधी जाड, मग बारीक, शेवटी पितांबरीने चोळला. तळात माझा चेहरा दिसू लागला. उष्णतावाहक पेस्ट लावून पंखा बसवला, संगणक चालू केला, तर तापमान आधीपेक्षा चढेच. मी दोष पेस्टला दिला, उन्हाला दिला, विजेच्या दाबाला दिला. आरशासारख्या त्या तळावर शंका घ्यावी असे एकदाही वाटले नाही.

शेजारी ट्रॅक्टरचे गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींशी माझा रोजचा रामराम, पण संगणकाचे काही त्यांना विचारावे असे कधी मनात आले नव्हते. हे लिहिताना लाज वाटते. ऑइलने काळे झालेले हात आणि माझे टेबल यांच्यामध्ये मी एक भिंत मानत होतो. त्यांनी ती मानली नव्हती, मी मानली होती. त्या दिवशी हीटसिंक हातात घेऊन मी वैतागून बाहेर उभा होतो, तेव्हा त्यांनीच तो मागून घेतला.

त्यांनी तळाकडे पाहिलेही नाही. स्टीलची पट्टी कडेवर उभी करून तळावर टेकवली आणि दाराकडे उजेडात धरली. "सर, चमकायलंय झक्कास. पण टेकायलंय का?" मी डोळा लावला. पट्टी फक्त मधोमध टेकली होती. दोन्ही बाजूंनी उजेडाची बारीक रेघ आरपार दिसत होती, कडेकडे रुंद होत गेलेली. बोटाच्या दाबाने मी कडा जास्त झिजवल्या होत्या. तळाला फुगवटा आला होता आणि त्या फुगवट्यालाच मी आरसा केला होता.

ती उजेडाची रेघ मी किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही. त्या रेघेत हवा होती. तांबे हवेपेक्षा सुमारे 15 हजार पट चांगली उष्णता वाहून नेते, हे मला पाठ होते. पेस्ट हवेपेक्षा शंभरपटीहून बरी, पण तांब्याच्या जवळपासही नाही, हेही ठाऊक होते. म्हणजे पेस्ट नुसत्या बारीक खाचा बुजवण्यापुरती, खरे काम धातूला धातू भिडण्याचे. एवढी माहिती असूनही, दोन्ही धातू टेकले आहेत का, हे पाहायचे मला सुचले नाही. मी फक्त दिसण्याकडे पाहत होतो.

मिस्त्रींनी मग उघडलेले इंजिन दाखवले. व्हॉल्वला ग्राइंडिंग पेस्ट लावून तो त्याच्या सीटवर उलटसुलट फिरवत होते. पुसल्यावर दोन्हींवर करड्या रंगाचा अखंड गोल पट्टा उमटला. मंद, बिनचमकीचा. तो पट्टा कुठेही तुटला नाही म्हणजे काम झाले. आणि एक बजावले, हा व्हॉल्व याच सीटचा, दुसरीकडे चालत नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने आडव्याउभ्या रेघा मारल्या आणि जोर न लावता, फिरवून फिरवून घासले. शाई आधी मधली गेली. कोपऱ्यातली बराच वेळ तशीच राहिली. चारही कोपरे एकदम पुसट झाले तेव्हा थांबलो. तळ आता धुरकट दिसत होता. चमक आणायचा मोह झाला, पण आवरला. तापमान काही अंशांनीच उतरले. चमत्कार झाला नाही, पण दुपारचे अर्ज अडायचे थांबले.

त्यानंतर वाचनात आले, की नोक्टुआ कंपनीने 2024 मध्ये एकच कूलर कमी-जास्त फुगवट्याच्या तीन तळांमध्ये आणला. काही प्रोसेसरचे वरचे टोपण सॉकेटच्या दाबाने किंचित वाकते, तिथे सपाट तळापेक्षा फुगीर तळच नीट बसतो. म्हणजे चमक तर नाहीच, पण सपाटीसुद्धा आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. समोर कोण आहे त्यावर सगळे अवलंबून. मिस्त्रींना हे सांगितले, तर त्यांना काहीच नवल वाटले नाही. त्यांनी उलट विचारले, "मग तुमच्या त्या टोपणाला पट्टी लावून बघितली का?"

लावली. मधे किंचित खोलगट आहे. पण त्यावर पेपर फिरवायची हिंमत अजून होत नाही; त्याला बसेल असा तळच शोधतो आहे.