कृष्णाकाठच्या घरांतील जुनी फाइल

साताऱ्याचे रेल्वे स्थानक गावापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे. वेण्णा कृष्णेला मिळते तो संगम तेथून जवळच. कोल्हापूरहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज, सांगली, कराड घेत रात्री येथे येते आणि मुंबईकडे जाते. आपल्या भागातील कितीतरी आजी-आजोबांनी कर्करोगग्रस्त नातवंडांना घेऊन परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट याच मार्गाने धरली. मूल बरे झाले की ते दिवस विसरावेसे वाटतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु वाचकहो, कागद मात्र जपावेत.

बालपणी प्राण वाचविणाऱ्या काही औषधांचे परिणाम दहा-वीस वर्षांनीही दिसू शकतात. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो. शरीरात गेलेली एकूण मात्रा जितकी अधिक, तितका धोका अधिक. सिस्प्लॅटिनमुळे श्रवणशक्ती व मूत्रपिंडे, तर मानेवरील किरणोपचारामुळे थायरॉइड ग्रंथी बाधित होऊ शकते. हे प्रत्येकाला होतेच असे नाही. म्हणूनच टाटा रुग्णालयाने १९९१ मध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. अमेरिकेतही १९९४ पासून अशा हजारो व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे.

कृष्णेबरोबर खाली सांगलीकडे यावे. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये शेजारच्या मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे हे गाव वैद्यकीय उपचारांसाठी प्रसिद्ध झाले. हृदयाची इको तपासणी, थायरॉइड, श्रवणचाचणी हे सारे आता येथेही होते. मात्र कोणाची कोणती तपासणी करावी, हे ती जुनी फाइलच सांगते. तिसऱ्या वर्षी आजारी पडलेल्या नातीला स्वतःला काहीच आठवत नसते. पुढे ती गरोदर राहते, हृदयावरील भार वाढतो, दम लागतो आणि रक्त कमी असेल असे समजले जाते. लग्न ठरविताना काय सांगावे, हा घराचा विचार. डॉक्टरांपासून मात्र काहीही लपवू नये.

२०१९ च्या महापुरात सांगलीतील अनेक घरांत पाणी शिरले, कपाटांतील कागद भिजले. म्हणून फाइलची एक प्रत दुसऱ्या घरी आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. आजाराचे नाव, औषधे, त्यांची एकूण मात्रा, किरणोपचाराची जागा आणि वर्ष एका पानावर लिहून घ्यावे. फाइल हरवली असल्यास उपचार झालेल्या रुग्णालयाकडे सारांश मागावा. आणि ते पान नातवंडांच्या हाती देताना, त्यांना काय झाले होते, हेही शांतपणे सांगावे.