उसनी उत्तरे

१९८६ साली अधिव्याख्यातापदाच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा अंगातला सदरा थोरल्या भावाचा होता, आत्मविश्वासही उसनाच. निवड समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले, “मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ वाचले आहे?” १९५६चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेला तो ग्रंथ मी नुसता चाळला होता. तरी “हो” म्हणालो, आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांवर पाच मिनिटे अस्खलित बोललो. नेमणूक झाली. ग्रंथ मी वाचला तो नंतर, शिकवण्याची वेळ आली तेव्हा.

तीस वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. एका तरुणीला तोच प्रश्न मी विचारला. “नाही सर. कविता मात्र वाचल्या आहेत,” ती म्हणाली, आणि त्या कवितांविषयी अडखळत, पण स्वतःचे असे काही बोलली. ती बाहेर गेल्यावर सहकारी म्हणाले, “तयारी कमी आहे, छाप पडत नाही.” त्यांना उत्तर देणे मला शक्य होते. मी गप्प राहिलो आणि गुणपत्रकावर सही केली.

माझे ते पाच मिनिटांचे अस्खलित बोलणे मी स्वतःला केव्हाच माफ केले होते. त्या दिवशीचे मौन मात्र अजून माफ करता आलेले नाही.