पापुद्रेराव

वेरूळच्या सोळाव्या लेण्यासमोर रविवारी उभे राहा. कैलासाचा फोटो काढायला हातच हात वर झालेले दिसतील. त्यातल्या बहुतेक मोबाइलच्या पडद्यात आमचे पापुद्रेराव बसलेले असतात. कागदोपत्री नाव इंडियम टिन ऑक्साइड. जाडी मिलिमीटरचा दहाहजारावा भाग, फार तर दोन भाग.

कुणाला दिसत नाही, याचाच यांना भारी तोरा. तो त्यांना शोभतोही. धातू वीज नेतो पण उजेड अडवतो. काच उजेड सोडते पण विजेला दारातूनच परत पाठवते. राव दोघांचीही कामं एकट्याने करतात. बोट टेकलं की त्यांच्यातल्या विद्युतभारात किंचित फरक पडतो आणि कैलासाचं शिखर पडद्यावर मोठं होतं.

ही करामत मात्र पाहुण्याच्या जिवावर. नुसतं इंडियम ऑक्साइड वीज वाहण्यात बेताचंच. त्यात वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास टिन ऑक्साइड घालतात. टिन म्हणजे आपलं कल्हईचं कथील. इंडियमच्या जागी कथलाचा अणू बसतो. इंडियम तीन इलेक्ट्रॉन देतं, कथील चार. हा चौथा मोकळा सुटतो आणि वीज वाहू लागते.

म्हणून कथील ओतत सुटाल तर राव बिथरतात. जादा अणू ऑक्सिजनशी संधान बांधून इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात, उरलेल्यांना वाटेत धक्के बसतात आणि वीज अडखळते. प्रमाण सांभाळणं हीच यांची खरी मर्जी सांभाळणं.

मोजून केलेली अशी भेसळ वेरूळला नवी नाही. इथल्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश आहेत, असं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2016 साली दाखवलं. गिलावा किडीपासून वाचला तो त्यामुळेच असावा. त्या अनाम कारागिरांपुढे मी मनापासून हात जोडतो.

रावांचे भाऊबंदही बरेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या घराण्याची वर्षानुवर्षं ऊठबस आहे. तापवलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारतात. पाणी चर्र होऊन उडतं, ऑक्साइडचा पापुद्रा तेवढा काचेला धरून राहतो. टिन ऑक्साइडला फ्लोरिन दिलं की ते वीज छान वाहतं. अँटिमनी जास्त झालं तर निळसर झाक धरतं. झिंक ऑक्साइडला थोडंसं अ‍ॅल्युमिनियम पुरतं. ते स्वस्तही पडतं, पण दमट हवेत लवकर ढेपाळतं.

थोरल्या रावांचा दोष वेगळा: वाकणं माहीत नाही. काच सरळ असेपर्यंत सगळं गोड; जरा जास्त वाकवली की अंगभर तडे. इंडियमही मुबलक नाही, जस्ताच्या खनिजातून जाता जाता हाती लागतं तेवढंच. तरी घडीच्या फोनसाठी त्यांच्या जागी कुणाला बसवावं, याचा शोध अजून चालूच आहे.