पाझररहित माठ

स्वतःच्या पैशाने मी आयुष्यात फारसे काही विकत घेतलेले नाही. घरातली खरेदी आमची ही करते. मी पिशवी धरतो. दुसऱ्याच्या, म्हणजे जनतेच्या पैशाने मात्र मी एकोणतीस वर्षे खरेदी केली. टाचणीपासून टेबलापर्यंत. एका सार्वजनिक मंडळाच्या भांडार विभागात मी होतो. मंडळाचे नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येते.

या खात्यात अक्कल फारशी लागत नाही. तीन दरपत्रके मागवावीत, सर्वांत खालच्या आकड्याला तांबड्या शाईने गोल करावा आणि साडेपाचला घरी जावे. घरी हिचे शास्त्र बरोबर उलटे. 'स्वस्तातल्या चार कढया घेण्यापेक्षा लोखंडाची एकच घ्यावी,' असे ती म्हणे. मी तिला समजावत असे की, बाई, तुझ्या कढईचे ऑडिट होत नाही.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि मिटिंगच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या आमच्या साहेबांच्या डोळ्यांत एकाएकी खुपू लागल्या. 'सार्वजनिक संस्थांनी आपल्या खरेदीतून पर्यावरणाचा आदर्श घालून दिला पाहिजे,' साहेब म्हणाले. आदर्श म्हणून बारा माठ घ्यायचे ठरले आणि फाईल माझ्या टेबलावर आली.

आता, किरकोळ खरेदीला दरपत्रके लागत नाहीत, असा नियम आहे. मी तो आमच्या हेडक्लार्कना, म्हणजे भाऊसाहेबांना, दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"नियम मला माहीत आहे हो. पण तो ऑडिटरला माहीत असेल, हे तुम्ही मला लिहून देता का?"

मी लिहून दिले नाही. तीन दरपत्रके मागवायचे ठरले. त्यासाठी अटी हव्यात. माठाच्या अटी दफ्तरात कुठेच नव्हत्या, म्हणून मी जुन्या वॉटर कूलरची फाईल काढली, 'स्टेनलेस स्टील' खोडून तिथे 'माती' लिहिले आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवले. 'भांडे पूर्णतः गळतीरहित व पाझररहित असावे. एक वर्षाची हमी. बिघाड झाल्यास कारागीर चोवीस तासांत हजर व्हावा.'

कागद घेऊन मी कुंभारवाड्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कुंभाराने तो नातवाकडून वाचून घेतला. पुन्हा एकदा वाचायला लावला. मग त्याने माझ्याकडे अत्यंत दयेने पाहिले.

"सायेब, पाझरला न्हाई तर पानी गार कसं हुनार?"

माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, हे मी शाळेत शिकलो होतो. पण शाळेत शिकलेले कचेरीत वापरायची आमच्याकडे पद्धत नाही.

"असला पायजे आसंल," म्हातारा म्हणाला, "तर फुडल्या दुकानात जावा. पलास्टिकची बादली मिळंल."

मी रस्त्यातच थबकलो. म्हातारा चेष्टा करत नव्हता. 'माती' हा एक शब्द सोडला, तर माझ्या सगळ्या अटींत प्लास्टिकची बादली चपखल बसत होती! पर्यावरणासाठी निघालेल्या फाईलमध्ये मी न कळत प्लास्टिक मागत होतो.

मी 'पाझररहित' खोडून परत आलो, तर भाऊसाहेबांनी नवी शंका काढली. केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणाला धार्जिण्या वस्तूंसाठी 'इकोमार्क' सुरू केला होता. (तो फारच थोड्या उत्पादकांनी घेतला, २०२४ साली त्याचे नवे नियम निघाले.) 'आपल्या माठाला तो आहे का?' त्यांनी विचारले. मी शोध घेतला. इकोमार्कचे चिन्हच मुळी मातीचे मडके! माठावर माठाचे चित्र आहे का, हे विचारायला मी काही पुन्हा कुंभारवाड्यात गेलो नाही. म्हाताऱ्याच्या त्या दयाळू नजरेला दुसऱ्यांदा तोंड देण्याची माझी ताकद नव्हती.

माठ आले. पाणी गार झाले. साहेबांचा फोटो छापून आला. एक माठ फुटला, तो निर्लेखनाचा आदेश येईपर्यंत 'फुटका माठ, नग एक' म्हणून भांडारात जमा राहिला. मातीची वस्तू मातीला मिळते म्हणतात. पण त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची सही लागते.

इथवर सगळी गंमतच होती. पुढचे सांगायला जरा जड जाते.

२०१९ साली नव्या मजल्यासाठी चाळीस पंखे घ्यायचे होते. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, दीड हजारांचा. त्याच वेळी बाजारात तीस वॅटचे पंखे मिळत होते, पण तीन हजारांना. म्हाताऱ्याचा धडा ताजा होता, म्हणून मी दरपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. पंख्यामागे पंचेचाळीस वॅट वाचतात. चाळीस पंखे, दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस. झाले ३,६०० युनिट. युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाला ३६,००० रुपये. जास्तीचे ६०,००० रुपये पावणेदोन वर्षांत वसूल, आणि त्यापुढे नुसता फायदा. तेवढ्या विजेसाठी जळणारा कोळसा वाचेल तो वेगळाच. हे सगळे मी टिपणीत एका परिच्छेदात लिहिले. लिहिताना हिच्या कढईची आठवण झाली, हे कबूल करतो.

भाऊसाहेबांनी परिच्छेद दोनदा वाचला.

"हिशेब बरोबर आहे. पण पंख्याचे पैसे आपल्या लेखाशीर्षातून जातात आणि विजेचे बिल दुसऱ्या शाखेच्या. खर्च दिसणार तो तुमच्या नावावर, बचत दिसणार त्यांच्या. उद्या ऑडिटचा आक्षेप आला, तर तुमची पेन्शन अडकेल. निवृत्तीला किती राहिली?"

"तीन वर्षे."

भाऊसाहेब काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपले पेन माझ्याकडे सरकवले. मी परिच्छेद खोडला.

पंचाहत्तर वॅटचे चाळीस पंखे आले, आणि साठ हजारांची काटकसर केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्रकही मिळाले. घरी ते हिला दाखवले. तिने वाचले आणि काही न बोलता कपाटात ठेवले. एकोणतीस वर्षांत माझा एवढा सौम्य अपमान कोणी केला नव्हता.

बरे, सरकारला हे जमतच नाही, असेही म्हणता येईना. एलईडी बल्बचेच पाहा. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी सुरू केली, तेव्हा, २०१४ साली, एक बल्ब तिला सुमारे ३१० रुपयांना पडत होता. २०१६ साली तोच ३८ रुपयांवर आला. आणि तोही निविदाच मागवून, सर्वांत खालच्या दरालाच! म्हणजे दोष त्या तांबड्या गोलाचा नव्हता. त्यांनी कमी वीज खाणारा दिवा मागितला आणि मग स्वस्त शोधला. मी नुसता पंखा मागितला. सरकार हे एवढे मोठे गिऱ्हाईक आहे की, ते जे मागेल ते बाजार मुकाट्याने तयार करून देतो. सगळी मेख मागण्यात आहे, आणि मागणारा मी होतो.

२०२२ साली मी निवृत्त झालो. हयातीचा दाखला द्यायला दर नोव्हेंबरात कचेरीत जावे लागते. गेल्या खेपेला मला माझ्याच एका पंख्याखाली बसवले. माझ्या जागेवर आता एक तरुण मुलगी आहे. ती जुनी फाईल घेऊन माझ्यापाशी आली.

"काका, वरच्या मजल्यासाठी पंखे घ्यायचेत. तुमचा हा परिच्छेद चांगला आहे की. खोडला का?"

खरे सांगायचे माझ्या फार जिवावर आले. तरी सांगितले.

ती हसली नाही. "मी तो पुन्हा घालते," ती म्हणाली. "वीज शाखेचीही सही घेते. पण आक्षेप आलाच, तर कल्पना कोणाची म्हणून सांगू?"

मी वर पाहिले. पंखा पंचाहत्तर वॅट खात संथपणे फिरत होता.

"बेलाशक माझं नाव सांग," मी म्हणालो. "हयातीचा दाखला आत्ताच दिलाय."