कृष्णाबाईचं देणं

वडील गेले ते १९६८ साल. मी नऊ वर्षांची होते. वाईत आमची भाड्याची एक खोली, आणि आईच्या हातात कला एकच, पोळ्या लाटण्याची. त्या माघात आळीतल्या बायकांनी तिला उत्सवाच्या स्वयंपाकाला बोलावलं. काम मिळालं म्हणून ती गेली. मला बरोबर नेलं, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं.

वाईला कृष्णेचे सात घाट आणि सात ठिकाणी कृष्णाबाईचा उत्सव. सिद्धनाथवाडी, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, नदीला नवस बोलला गेला आणि त्याची फेड आजवर चालू आहे, असं जुनी माणसं सांगतात. उत्सव एकदम होत नाहीत. एका घाटाचा उरकला की दुसऱ्याचा बसतो. मांडवात कृष्णाबाई, संध्याकाळी कीर्तन, आणि महाप्रसादाला नदीकाठी पंगती. देवीच्या या पाळ्यांवर आमचं घर उभं राहिलं. आई एका घाटावरून दुसऱ्या घाटावर लाटणं घेऊन जायची आणि मी तिच्या मागे. पान मांडलं की भात पडायचा, वर आमटी. शेजारी पेढीवाल्याचा मुलगा बसलेला असायचा, त्याच्याही पानावर तीच आमटी. भूक लागली आहे हे मला त्या दिवसांत कुणाला सांगावं लागलं नाही. पुढे आयुष्यात मदत पुष्कळांनी केली, पण अशी, घेणाऱ्याला मान खाली घालायला न लावणारी मदत मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

अभ्यास ढोल्या गणपतीच्या देवळात. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ अगदी पात्रालगत आहे. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. उन्हाळ्यात आतला दगड गार असायचा. गुरवकाका दिवा मालवण्याआधी एकदा माझ्या वहीकडे बघायचे आणि म्हणायचे, “तेवढं गणित होऊ दे, मग जा.”

पण पोटाची आणि दिव्याची सोय सांगून मी थांबले तर गावाचं अर्धंच देणं सांगितल्यासारखं होईल.

उत्सवात सवाष्णी कृष्णाबाईची ओटी भरत. आई पहाटेपासून चुलीपुढे असायची, नैवेद्याच्या पोळ्या तिच्याच हातच्या. ओटीची वेळ झाली की ती हात धुऊन मांडवाच्या खांबामागे जाऊन उभी राहायची. तिला तिथे उभं राहा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं, हेच मला जास्त लागलं. तिच्या हातची पोळी देवीला चालते आणि खण चालत नाही, हे कोडं मी बारा-तेरा वर्षांची असताना मनात धरलं.

त्याचं उत्तर मला त्याच गावाने दिलं. गंगापुरीत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा. विनोबा तिथे शिकून गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथलेच. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, हे त्यांनी गांधीजींच्या चळवळीसाठी शास्त्रातूनच मांडलं. शाळेत जाताना रस्त्यात ते दिसले की आम्ही मुली बाजूला होऊन उभ्या राहायचो. मे महिन्यात लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला असे. तिकीट नाही, काही नाही. मी पुढच्या सतरंजीवर बसायचे. रूढी माणसांनी घातली आणि माणसांना ती मोडता येते, हे वाक्य माझ्या कानावर पहिल्यांदा तिथे पडलं. १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, तो ज्या गावात बसून घडवला त्याच गावात मी तो उघडला. खंड जड, दोन्ही हातांनी धरावा लागला. त्या दिवशी घरी येऊन आईला म्हटलं, “तू ओटी भर. मी येते बरोबर.” आई म्हणाली, “तू शिक. माझं राहू दे.”

तिचं राहिलंच. मी शिकले, पुण्यात सदतीस वर्षं शिक्षिका होते. आई १९९८ मध्ये गेली.

माझे यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या माघात मी वाईला गेले. खण-नारळ घेऊन रांगेत उभी राहिले. छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू? पुढे एक म्हातारी होती, आईबरोबर पोळ्या लाटलेली. तिने मला ओळखलं, कपाळाकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाजूला सरून मला पुढे केलं. मी कृष्णाबाईची ओटी भरली. तांदूळ घालताना एक ओंजळ आईच्या नावची घातली.

आता दर माघात जाते. सकाळी पोळ्यांना बसते, मग ओटी. गेल्या वर्षी आम्ही तिघी होतो. खांबामागे मात्र अजून दोघी-तिघी उभ्या असतात. तुमच्या घरी अशी कुणी असेल, आई, मावशी, वहिनी, तर या माघात तिचा हात धरून तिला घाटावर आणा. खण नसला तर माझ्या पिशवीत जास्तीचे असतात.