दुसऱ्यांच्या रुखवतातली आत्या

रुखवत मांडलं की "मुलीनं स्वतः केलंय हं सगळं" असं सांगायची आमच्या हिंगोलीकडे जुनी पद्धत. मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, सजवलेल्या दुरड्या, आणि मधोमध काचेच्या फ्रेममध्ये मॅटीच्या कापडावर भरलेले समोरासमोर दोन राघू, खाली 'सुस्वागतम्'. वराकडच्या बायका वाकून बघणार, एखादी काचेवर बोट टेकवणार, नवरीची आई पदर सावरत कौतुक झेलणार. त्यातल्या कितीतरी फ्रेम माझ्या मोठ्या आत्यानं भरलेल्या असत. ती त्याच मांडवात पंगतीला बसून जेवत असे. नांदेडच्या वसतिगृहातलं माझं खाणावळीचं बिल अशाच राघूंनी भरलं.

आत्या विधवा होऊन माहेरी, कळमनुरीला, आली ती १९७२च्या दुष्काळात. कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. आल्या आल्या ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पाऊसपाणी झाल्यावर ते काम सुटलं, भावाच्या घरात नुसतं बसून खायची तिची तयारी नव्हती, आणि शिक्षण चौथीपर्यंतचं. तिचं स्वतःचं रुखवत सासरी गेलं ते तिकडेच राहिलं. माहेरच्या पेटीत उरला होता फक्त नमुन्याचा कपडा. लग्नाआधी हात बसवायला मुली टाके घालून बघायच्या, तो. मांडवात मांडायच्या लायकीचा नाही म्हणून मागे राहिलेला. त्यावर तिनं पुढं आयुष्य काढलं.

हातभर रुंदीचा, कडेनं पिवळा पडलेला. वरच्या ओळींत साखळी टाका, गव्हाचा टाका, काश्मिरी, गाठीचा. पहिली ओळ वाकडी, तिसरी सरळ. त्याखाली क्रॉस स्टिचचे राघू, मोर, तुळशीवृंदावन आणि चार मिनार असलेला ताजमहाल. ताजमहाल तेव्हा सगळ्यांनाच हवा असायचा. रुखवतात कबरीचं चित्र कशाला, हा प्रश्न कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. नवरीची आई आली की आत्या कपडा पसरायची. बाई बोट ठेवून सांगायची, हा राघू, ही किनार, खाली दोघांची नावं. ठरलं.

कपड्याच्या उजव्या कडेला एक पट्टी मात्र वेगळ्याच हाताची होती. लाल-काळ्या कापडाचे त्रिकोण, शिवून बसवलेले बारके आरसे, टाके इतके दाट की खालचं कापड दिसत नाही. आठवडी बाजाराला तांड्यावरून येणाऱ्या एका बंजारा याडीनं ती भरून दिली होती. बदल्यात आत्यानं तिला अँकरच्या दोऱ्याच्या लडी दिल्या आणि क्रॉस स्टिच शिकवला. सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागात तांडे पुष्कळ, आणि त्या बायकांच्या फेटिया-कांचळीवरचं काम आम्ही रोज बघत होतो, पण ते 'भरतकाम' म्हणून शाळेच्या शिवणाच्या तासाला कधी आलं नाही. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, भरतकामाला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आत्याची ती कड आठवली.

असे नमुन्याचे कपडे इंग्लंडातही मुली करत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक हिनं १५९८ साली भरलेला एक आहे. टाक्यांचे प्रकार, प्राणी, मुळाक्षरं, आणि १५९६मध्ये जन्मलेल्या अ‍ॅलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद, वारासकट. भरणारीचं नावही त्यावर आहे. आत्याच्या कपड्यावर तिचं नाव नव्हतं. दुसऱ्यांची मात्र तिनं शेकड्यांनी भरली असतील.

त्या नावांपायीच माझा आणि तिचा धंदा जमला. इंग्रजी 'वेलकम' मॅटीवर सोपं. उभ्या-आडव्या रेघा, चौकोन मोजले की झालं. घरोघरी ते दिसतं त्यामागं इंग्रजीच्या हौसेइतकीच ही सोय असावी. मराठीत काना सरळ उतरतो, पण वेलांटी आली की हात अडतो, आणि 'श्री' म्हणजे परीक्षाच. मी तिसरी-चौथीत असल्यापासून गणिताच्या चौकटीच्या वहीत तिला अक्षरं पाडून द्यायची. एक चौकट म्हणजे एक फुली. 'चि. सौ. कां.' किती चौकटीत बसतं, लांब नावाच्या नवरदेवाला दोन ओळी द्याव्यात का, यावर आमची वादावादी व्हायची. जोडाक्षर कसं फोडायचं आणि कसं जोडायचं ते मी शाळेत नाही, तिथं शिकले.

सुई मात्र तिनं माझ्या हातात दिली नाही. मी मागितली तर म्हणायची, "तू वही धर. सुईला मी हाय."

तिची परीक्षा असायची उलट्या बाजूची. सुलटीकडं प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला हवा. एक जरी उलटा पडला तरी उजेडात राघूच्या अंगावर डाग दिसतो. मागं गाठ नको. दोरा सुरू करताना शेपूट टाक्यांखाली दाबायचं, संपताना तसंच लपवायचं. लाल दोरा रंग सोडतो म्हणून लडी आधी मिठाच्या पाण्यात. साध्या कापडावर वेलबुट्टी असेल तर नक्षीच्या कागदाला सुईनं भोकं पाडून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ वरून बोळ्यानं फिरवायची. घरभर तो वास, आणि आई कुरकुरायची की भाकरीला रॉकेल लागतंय. हिंगोलीच्या दसऱ्याला गेलो की रामलीला मैदानावरच्या गर्दीत आम्ही पाळण्याकडं निघायचो आणि आत्या दोऱ्याच्या दुकानाकडं.

नर्सीला मात्र ती न चुकता जायची. कयाधूच्या काठचं ते गाव नामदेवांचं जन्मगाव मानतात. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यातल्या एकात शिंप्याचा गज, कात्री, सुई-दोरा सगळं येतं, हे मी तिला कॉलेजातून येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. "मंग? शिंप्याचा देवबी शिंपीच असनार की," म्हणाली आणि दोरा ओवायला माझ्याकडं दिला. डोळे तेव्हाच कमी व्हायला लागले होते.

आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानंही मिळतं, आणि आत्याही नाही. कपडा माझ्याकडं आहे. कळमनुरी-वसमतकडं जुन्या घरांत गेले की भिंतीवरच्या फ्रेमकडं नजर जातेच. माझ्या हातच्या चौकटीतली वेलांटी मला लगेच ओळखू येते. "आमच्या सासूबाईंनी लग्नात केलेलं," घरची सून अभिमानानं सांगते. मी "हात फार सुरेख होता हो त्यांचा" म्हणते आणि चहा घेते. पैसे घेताना आत्या प्रत्येकीच्या आईला शब्द द्यायची की हे कुठं बोलणार नाही, आणि मी वही घेऊन शेजारी बसलेली असायचे, म्हणजे तो मीही दिलेला. म्हणून या लेखात एकाही घराचं नाव घातलेलं नाही.