जेथं जोर येते तेथंच

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की मंडईच्या जत्रा भरतात, रात्ररात्र नाटकं रंगतात आणि शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, बोलणी सुरू होतात. पटाचा छकडा ज्यानं जवळून पाहिला आहे, त्याला हॉट रॉड म्हणजे काय हे समजायला वेळ लागत नाही. ओझं वाहणाऱ्या बंडीत जे जे असतं, त्यातलं बहुतेक सगळं या छकड्यातून काढून टाकलेलं असतं. दोन चाकं, आस, दांड्या, जू आणि हाकणाऱ्याला टेकण्यापुरती जागा एवढंच उरतं. लहानपणी मी आमच्या चिचगड गावात एका सुतार काकाजींच्या अंगणात बसून हे काम पाहायचो. त्यांचा वाकस लाकडावरून एकसारखा फिरत असायचा, पण ठरावीक ठिकाणी थांबायचा. तिथलं लाकूड ते जाड ठेवायचे. का, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "बापू, जेथं जोर येते तेथंच लाकूड ठेवाचा. बाकी सप्पा छिलून टाकाचा."

माझा धंदा फायबरचा. पाण्याच्या टाक्यांची दुरुस्ती, शाळांच्या घसरगुंड्या, बागेतले वाघ-हरणं, जीपची टपं, बसचे तुटलेले पुढचे भाग अशी कामं मी करतो. घरामागच्या शेडमध्ये मी एक हॉट रॉडही बांधली, आणि त्या कामात काकाजींच्या या दोन वाक्यांहून मोठा नियम मला कुठे सापडला नाही.

हॉट रॉडचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातला. १९३०च्या दशकात तिथली पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेऊन कोरड्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लावत. म्यूरॉकचा कोरडा तलाव त्यासाठी प्रसिद्ध होता. मडगार्ड काढ, बंपर काढ, टप काढ, बोनटच्या बाजूचे पत्रे काढ, इंजिनाचा दम वाढव, अशी त्यांची रीत. १९३२ साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणलं. ते ६५ अश्वशक्तीचं होतं, आणि त्या वर्षीची फोर्ड या छंदाची कुलदेवताच झाली. १९३७ मध्ये शर्यतींसाठी संघटना उभी राहिली आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकही निघालं.

जुन्या पत्र्याच्या बॉड्या पुढे गंजल्या, संपल्या, महाग झाल्या. तिथे फायबर कामाला आलं. काचेचे धागे आणि रेझिन यांच्या या पदार्थानं दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीच्या जगात पाय ठेवला आणि १९५३च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची सगळी बॉडी फायबरची आली. पहिल्या वर्षी अशा ३०० गाड्या निघाल्या. मोठमोठ्या प्रेसशिवाय, एका साच्यावर, हातानं बॉडी काढता येते हे घरी काम करणाऱ्यांनाही कळलं. आज १९३२च्या फोर्डच्या आकाराची नवी फायबर बॉडी तिकडे तयार मिळते. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानींची डॉल्फिन १९८०च्या दशकात फायबरचीच होती, आणि पुढे त्याच शहरातल्या सॅन मोटर्सची स्टॉर्म ही उघड्या टपाची गाडीही.

मराठी मुलखात स्वतःच्या हातानं मोटार घडवण्याची ओढ जुनी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी मीरा या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ साली तयार केला आणि पुढे कित्येक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. मीरा बाजारात आली नाही, तरी एक माणूस एवढी वर्षं एका गाडीच्या मागे उभा राहतो ही गोष्ट मला फार मोठी वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेली, किक मारून सुरू होणारी चारचाकी सगळ्या देशानं पाहिली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. लोहार हे आडनाव त्यांनी सार्थ केलं.

माझ्या गाडीची सुरुवात एका जुन्या जीपच्या सांगाड्यापासून झाली. तिची नोंदणी रीतसर रद्द झालेली होती, पत्रा गंजून चाळण झाला होता, पण चेसिस सरळ होती. दोरी लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले, ते जुळले, तेव्हाच पैसे दिले. जीप या कामाला चांगली. तिची बॉडी चेसिसवर बोल्टांनी बसवलेली असते, सगळा भार खालची चेसिस आणि कमानपाटे पेलतात. वरची काया उतरवली तरी गाडी उभी राहते आणि चालतेही.

अडचण मापाची होती. १९३२च्या फोर्डच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०६ इंच, माझ्या जीपचं ८०. चेसिस मधोमध कापून लांब करण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी तो घेतला नाही. दोन आसांच्या मधे चेसिस वाकायला पाहते, आणि जोड नेमका तिथेच आला असता. काकाजींनी त्या जागेवरून वाकस कधी फिरवला नसता. मग फोर्डची नक्कल सोडली आणि ८० इंचांना शोभेल अशी आखूड काया मी स्वतः रेखली. इंजिन उघडं, बसायला दोनच जागा, आणि मागचा भाग नावेच्या नाळेसारखा निमुळता.

फायबरच्या बॉडीआधी साचा लागतो आणि साच्याआधी पॅटर्न. पॅटर्न म्हणजे गाडीच्या आकाराची मूर्तीच. आमच्याकडे बांबूला तोटा नाही, म्हणून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला, त्यावर जाळी आणि वर प्लास्टर. नवख्यांना थर्मोकोल सोपा वाटतो. पण पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते लागताच थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात. पॅटर्नला पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पुट्टी, असं दीड महिना चाललं. संध्याकाळी दिवा आडवा धरायचा आणि त्याची रेघ पॅटर्नवर कुठे थरथरते ते पाहायचं. डोळा फसतो, म्हणून शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. पॅटर्नवरचा ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक बॉडीत पुन्हा उमटतो. इथे वाचवलेला तास पुढे आठवडा खातो.

पॅटर्नवर वॅक्सचे हात दिले, त्यावर रेझिनचा जेलकोट आणि काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर देऊन साचा काढला. साचा बॉडीच्या दुप्पट जाड ठेवला, मागून पाइपच्या चौकटी बांधल्या आणि लाकडी पाचरी ठोकून अलगद सोडवला. मग त्या साच्यात त्याच क्रमानं खरी बॉडी घडवली. आधी अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट, मग चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर. एका किलो मॅटला साधारण अडीच किलो रेझिन लागतं. सहा चौरस मीटरच्या माझ्या बॉडीला आठ किलो मॅट आणि वीस किलो रेझिन लागलं. रेझिन ब्रशनं ओढायचं नसतं, ठोकत ठोकत मुरवायचं असतं. पांढरी मॅट हळूहळू पाण्यात भिजल्यासारखी पारदर्शक होते, मग रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा कडेला हाकलायचा. वाळल्यावर नाण्यानं ठोकून पाहायचं. भरीव जागा टणटण बोलते, आत हवा राहिली असेल तिथे आवाज बद्द येतो.

या कामाचा मोसम चिचगडच्या हवेनं ठरतो. पावसाळ्यात मॅट ओल धरते, रेझिन नीट पकडत नाही, पुढे फोड येतात. मे महिन्यातली कथा वेगळीच. एकदा भर उन्हाळ्यात दुपारी मी घाईनं दोन किलो रेझिनमध्ये एकदम हार्डनर घातलं. पहिला थर पुरा व्हायच्या आत बादलीतलं रेझिन दह्यासारखं थिजलं, मग तापलं आणि धूर सोडू लागलं. बादली अंगणात नेऊन ठेवली, तोवर तिचा तळ वितळला होता. रेझिन आपल्याच उष्णतेनं पिकतं, आणि जितकं एका भांड्यात जास्त, तितकं ते लवकर भडकतं. तेव्हापासून उन्हाळ्यात एका वेळी अर्धाच किलो घेतो आणि तोही सूर्य वर यायच्या आत संपवतो. खरा मोसम कार्तिक ते माघ. थंडीतल्या सकाळी दीड टक्का हार्डनर घातलं तरी हाताला पुरेसा वेळ मिळतो.

घरी हे काम करू पाहणाऱ्या पोरांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. कोबाल्टचं एक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचं आणि मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. घासताना उडणारी काचेची धूळ छातीत जाऊ नये म्हणून चांगला मास्क हवा. अंगाला खाज सुटली तर आधी गार पाण्यानं धुवायचं. हे आम्हाला उस्तादांनी शिकवलं आहे.

लोकांना वाटतं फायबर म्हणजे हलकं, बस्स. हिशेब असा आहे. तीन मिलिमीटर फायबरचं वजन चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास, एक मिलिमीटर पोलादी पत्र्याचं पावणेआठ. वजन वाचतं हे खरं, पण फायबर लोखंडापेक्षा कितीतरी लवचीक आहे. सपाट फायबर पापडासारखं लपलपतं. त्याच फायबरला बाक दिला की ते सुपासारखं ताठ होतं. म्हणून बॉडीवर मी हातभरही जागा सपाट ठेवली नाही, आणि कोपरे गोल घेतले, कारण काटकोनात ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो.

बॉडीत बदल करताना ही लवचिकता फार छळते. पहिल्या बॉडीला मी दार नंतर कापलं. आखणी करून ग्राइंडर चालवला आणि शेवटचा काप पुरा होताच बॉडीनं सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला. तिच्या कडा फाकल्या. कापलेलं दार परत लावून पाहिलं तर फट एका बाजूला कागद जाईल एवढी आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी. ती बॉडी आजही शेडच्या मागे पडून आहे. दुसऱ्या वेळी आधी आत चौकोनी पाइपची चौकट बसवली, ती मॅटनं बॉडीला जखडली आणि मगच ग्राइंडर हातात घेतला. नवा तुकडा जोडताना दोन्ही कडा आतून तिरक्या घासायच्या, निदान दोन-तीन इंच रुंदीवर. त्यावर मॅट आधी अरुंद, मग रुंद, अशी चढवत जायची. नुसती फट पुट्टीनं बुजवली तर ती रंगाखाली काही दिवस लपते आणि पहिल्या खड्ड्याला उघडी पडते.

बिजागऱ्या, सीट, पट्टे, स्टिअरिंगचा आधार यांतलं काहीही मी फायबरवर टांगलेलं नाही. सगळं आतल्या पाइपवर आणि तिथून चेसिसवर गेलं आहे. डोक्यामागे पोलादी कमान आहे, गाडी उलटली तर तीच माणसाला वाचवणार. सायलेन्सरच्या पाइपाजवळ बॉडीला अॅल्युमिनियमची ढाल दिली, कारण असं रेझिन पाणी उकळण्याआधीच्या उष्णतेलाच मऊ पडू लागतं. जे छिललं, त्याचं वजन मी या जागांवर खर्च केलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लावून पाहायचं ठरवलं होतं. बटण दाबलं, पण एकही दिवा लागला नाही. बल्ब बदलले, फ्यूज तपासले. तासाभरानं डोक्यात प्रकाश पडला. पत्र्याच्या गाडीत दिव्याची एक तार बॉडीला टेकली की परतीची वाट मिळते. फायबरमधून वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला आणि पेट्रोलच्या टाकीला वेगळी काळी तार ओढून चेसिसला जोडली. आकाशकंदिलाच्या उजेडात दोन्ही दिवे लागले तेव्हा आईनं गाडीपुढे पणती आणून ठेवली.

ही गाडी मी रस्त्यावर नेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरवलं. मला हा नियम पटतो. देवरीच्या महामार्गावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. तिथे दुसऱ्याचा जीव माझ्या वेल्डिंगच्या भरवशावर सोडायचा मला अधिकार नाही. माझी गाडी कापणी झालेल्या आमच्या शेताच्या कडेला, पडीत जमिनीवर धावते.

मंडईला ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून गेली. पोरांनी रंग पाहिला, इंजिन पाहिलं, फोटो काढले. काकाजी आता थकले आहेत. शंकरपटांवरच्या २०१४च्या बंदीनं त्यांची छकड्यांची कामं थांबली होती, आणि पट पुन्हा सुरू झाले तोवर हात कापू लागले होते. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. वाकून दाराच्या आतल्या कडेला हात घातला आणि बिजागरीमागे मॅटचे जास्तीचे थर दिले आहेत, त्या जाड जागेवर बराच वेळ बोटं फिरवत राहिले. मग शेजारची पातळ जागा चाचपली, आणि पुन्हा जाड.

साचा अजून माझ्या शेडमध्ये उभा आहे, वॅक्स लावून झाकून ठेवलेला. एका साच्यातून अनेक बॉड्या निघतात आणि या मोसमात गावातल्या दोन पोरांना त्यातून आपली बॉडी काढायची आहे. मॅट आणि रेझिन त्यांचं, साचा माझा. काम धान बांध्यांतून उचलल्यावर सुरू होईल. पहिल्या दिवशी मात्र मी त्यांना आधी काकाजींच्या अंगणात नेणार आहे.